नसीम, तुझ्या विहिरीचं पाणी

नसीम, तुझ्या घरी भेटायला आले आणि तुझ्या घरचं पाणी मला पिता आलं नाही.

तुझ्या सुनेनं, रुबीनानं, ग्लास पुढे केला. रडून रडून तिचा चेहरा सुजला होता. मी ग्लास हातात घेतला, ओठांपर्यंत नेला आणि हात तिथंच थांबला. तिच्या लक्षात आलं. म्हणाली, "नळाचं हाय, खाला. थ्या दिवसापासून अम्मीनं विहिरीचं पानी पेयाले घरात घेतलंच नाई." मी म्हटलं, "तहान नाही गं मला." मार्च संपत आलेला, अकोल्याचं ऊन, ऑटोतून उतरून तुझ्या बांधावरून चालत आलेली मी, आणि म्हणे तहान नाही. रुबीना ग्लास आत घेऊन गेली.

तुला जाऊन तेव्हा सहा दिवस झाले होते. सकाळी मेथीच्या जुड्या बांधता बांधता तुझ्या छातीत कळ आली आणि तुझ्या नवऱ्यानं, युसूफभाईंनी, ऑटो बाहेर काढेपर्यंत सगळं आटोपलं. त्या दिवशी फोन आला तशी मी धावत आले. तुला न्यायची तयारी झाली होती. बायांनी तुझा चेहरा पाहू दिला. मी तुला काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण एवढ्या जणींसमोर ते निघेना. तेच आता इथे लिहायला घेतलं आहे. लिहिताना भीती वाटते. मी भित्री आहे हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

अमरावतीच्या होस्टेलात पहिल्या दिवशी तू मला काय विचारलंस, आठवतं? नाव नाही, गाव नाही, एकदम, "तुमच्या इकडं भाजीले पानी कोनतं देतात?" मी मोर्शीकडची, घरी संत्र्याची बाग. मी म्हटलं, "विहिरीचं. दुसरं कोणतं असणार?" तू हसलीस. "आमी नाल्याचं देतो. अख्ख्या अकोल्याचा नाला येते आमच्या मळ्यात." खोलीतल्या बाकीच्या दोघींनी आपापल्या पेट्या हळूच बाजूला सरकवल्या. तू ते पाहिलंस आणि तुझी पेटी मुद्दाम त्यांच्या पेट्यांना खेटून ठेवलीस.

कृषी पदविकेच्या वर्गात एकदा सर नत्र शिकवत होते. पिकाला हिरवेपणा देतं, पान वाढवतं, युरियाच्या पोत्यात भरून येतं ते नत्र. तू उभी राहिलीस. "सर, मानसाच्या मुतातही थेच असते ना?" सगळा वर्ग बाकं बडवून हसला. सरांचा चेहरा लाल झाला, पण माणूस प्रामाणिक होता. म्हणाले, "असतं. बस खाली."

त्या संध्याकाळी तू मला तुझ्या आजोबांबद्दल सांगितलंस. ते नगरपालिकेकडून सोनखताच्या गाड्या घ्यायचे. शहराचा मैला कुजवून केलेलं खत. त्याला सोनखत म्हणतात हे मला ठाऊक होतं, पण कुणाला ते अभिमानानं सांगताना ऐकलं नव्हतं. "शयरानं खाल्लं, शयरानं टाकलं, आमी थे मातीत घातलं, अन् मातीनं पुन्हा शयराले खाऊ घातलं," तू म्हणालीस. मी विचारलं, आणि त्या गाड्या भरणारी माणसं? तू म्हणालीस, "थे बंद झालं थे चांगलंच झालं. पन त्याच्या जागी काईच चालू नाई झालं ना."

तेव्हा मला ते वाक्य कळलं नव्हतं. परीक्षेत येणारं नव्हतं.

पदविका झाली आणि तुझे अब्बा गेले. तू एकुलती एक. मळ्यात परतलीस, लग्न केलंस तेही युसूफभाईंना घरजावई करून. मी अकोल्यातच माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत लागले, कंत्राटावर. दर अकरा महिन्यांनी माझं पत्र नवं व्हायचं आणि दर दहाव्या महिन्याला माझी झोप उडायची. रविवारी मी तुझ्याकडे यायचे. तू पालकाची, चुक्याची जुडी माझ्या पिशवीत कोंबायचीस आणि वर म्हणायचीस, "धुऊन खाजो बरं, सायंटिस्ट."

ती वऱ्हाडाची वाईट वर्षं होती. पेपर उघडायची धास्ती वाटायची. मोठमोठे लोक यायचे, गाड्यांच्या रांगा धूळ उडवत कापसाच्या गावांकडे जायच्या. शहराच्या कडेला असलेल्या मळ्यांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. नाला भरून वाहतोय, भाजी हिरवीगार आहे, बाजार जवळ आहे, म्हणजे तुमचं बरंच चाललं असणार. मलाही तसंच वाटायचं.

तुझ्या अब्बांच्या काळी मळ्याला कालव्याच्या पाण्याची पाळी मिळायची. पाळी नसली की विहीर, आणि उन्हाळ्यात अगदीच अडलं तर नाला. मग एका कमी पावसाच्या वर्षी धरणातलं पाणी शहराला पिण्यासाठी राखून ठेवलं आणि कालवा कोरडा राहिला. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, तरी पाळी आली नाही, कारण मधल्या काळात शहर वाढलं होतं. तेच धरणाचं पाणी आता नळानं घराघरांत जायचं, मोऱ्यांतून, संडासांतून नाल्यात उतरायचं आणि तुझ्या मोटारीपाशी यायचं. एकदा तू नाल्याच्या काठावर उभी राहून म्हणालीस, "पाह्य, ह्या नाल्याले आता उन्हाळाच राह्यला नाई." मी हसले होते. तू हसली नव्हतीस.

तुझ्या मळ्याच्या वरच्या अंगाला गव्हाचं वावर होतं. तिथं आधी मुरूम पडला, मग पांढरे दगड रोवले गेले, मग तीनचार वर्षांत घरं उभी राहिली. गुलाबी, पोपटी, गच्चीवर टाक्या. तिथंवर गटार आलंच नव्हतं. प्रत्येक घरामागे संडासाचा शोषखड्डा, आणि प्रत्येक घरापुढे बोअर. दोन्हींत एका घराएवढंच अंतर. खाली काळी माती, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी, आणि उताराच्या तळाशी तुझी विहीर. हे सगळं मी दर रविवारी बघत होते, नसीम. शिकलेली होते, रोज पाणीच तपासत होते, आणि माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

भांडायचो मात्र आपण. मी तुझ्या पालकाची पानं बघायचे. काळपट हिरवी, जाड, पाण्यानं फुगलेली. मी म्हणायचे, "युरिया बंद कर. तुझ्या नाल्याच्या पाण्यातच नत्र वाहतंय, वरून पुन्हा कशाला टाकतेस?"

"पान जरा पिवळं दिसलं त गिराईक हात लावत नाई."

"पिवळं पडणारच नाही. एक वाफा करून बघ."

"तू पाह्यजो. तुह्या परयोगशाळेत लाव पालक."

पुढच्या रविवारी गेले तर एका वाफ्याच्या कडेला तू काठी रोवली होतीस. त्यात युरिया टाकला नव्हता. पालक तसाच हिरवागार आला. तू मला दाखवलास आणि म्हणालीस, "जिंकली तू. आता हे बाजूवाल्यायले तू सांग. माह्यावर इस्वास नाई ठेवत थे." मी सांगितलं नाही. मला वाटलं, मी कोण सांगणारी.

मोर्शीला माझ्या माहेरी तू एकदाच आलीस, माझ्या भावाच्या मुलीच्या लग्नाला. बस तालुक्याच्या गावात थांबली तेव्हा खताच्या दुकानापुढे रांग होती. उन्हात माणसं, बाया, काहींनी जागा धरायला चपला ठेवलेल्या. युरिया यायचा होता. माझा भाऊही त्यात उभा होता, घरात लग्न असून. बागेत तिसरा बोअर कोरडा गेला होता आणि अर्धी झाडं वाळली होती, ते त्यानं तुला दाखवलं. तू झाडाच्या बुंध्याशी बसून माती हातात घेतलीस, चुरगाळलीस. परतीच्या बसमध्ये चांदूर बाजार आलं तेव्हा तू एकदम म्हणालीस, "तुहा भाऊ तुरी पिकवते, ज्वारी पिकवते. त्याच्या मातीतलं सारं शयरात येते. शयर खाते, अन् माह्या नाल्यात टाकून देते. माह्याकडं इतकं की पीक सडून राह्यलं, अन् तुहा भाऊ चपला ठेवून रांगेत. हे कोनाले दिसत कसं नाई?"

मी म्हटलं, "दिसतं. पण करायचं कुणी?"

"मले भेव वाटते," तू म्हणालीस. तुझ्या तोंडून हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "इकडं वाळून राह्यलं, तिकडं सडून राह्यलं. मधात आपन."

मग तुझ्या मुलाचं लग्न झालं, रुबीनाला मुलगा झाला. तू आजी झालीस तेव्हा तुझे केस अजून काळे होते. रुबीनाला दूध पुरेना, म्हणून डब्याचं दूध सुरू केलं. त्या रविवारी मी आले तेव्हा बाळ दीड महिन्याचं होतं. तू त्याला माझ्या मांडीवर दिलंस. तू कौतुकानं सांगत होतीस की लेकरू किती शांत आहे, रडतसुद्धा नाही. मी त्याच्या ओठांकडे बघितलं. मग नखं बघितली. जांभूळ खाल्ल्यावर पोरांच्या जिभेला येतो तसला रंग, त्यात राख मिसळल्यासारखा. मी बाळाचा तळवा दाबला, तो तसाच निळसर राहिला.

"नसीम, दूध कोणत्या पाण्यात करतेस?"

"विहिरीच्या. नाल्याचं नाई बाई, येडी हायेस काय? चांगलं उकळून घेते. अर्ध होईस्तोर उकळते."

ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. अर्ध होईस्तोर. जंतू मरावेत म्हणून तू जीव लावून पाणी आटवत होतीस. जंतू मरत होते आणि मागे राहणारं नायट्रेट दुप्पट होत होतं. शोषखड्ड्यांतलं, युरियातलं नत्र जमिनीत झिरपून पाण्यात उतरलं की त्याचं नायट्रेट होतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. मोठ्या माणसाला ते सहसा बाधत नाही. तान्ह्या लेकराच्या रक्ताला मात्र त्यामुळं प्राणवायू धरता येत नाही. पुस्तकात एक परिच्छेद होता. आपण दोघींनी तो एकाच दिव्याखाली पाठ केला होता.

मी काय बोलले ते आठवत नाही. युसूफभाईंनी ऑटो काढला. रुबीना बाळाला छातीशी धरून सारखी म्हणत होती, "उठ ना राजा, उठ ना." तू माझा दंड इतका घट्ट धरला होतास की नंतर आठवडाभर वळ राहिला. रेल्वे फाटक बंद होतं. मालगाडी जात होती, संपता संपत नव्हती. तू डबे मोजत नव्हतीस, दुआ म्हणत नव्हतीस. माझ्या तोंडाकडे बघत होतीस. मला काही माहीत असेल तर ते माझ्या चेहऱ्यावर दिसेल म्हणून.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. ती आधी हृदय तपासायला लागली. मी घाबरत घाबरत म्हटलं, "मॅडम, विहिरीचं पाणी पाजलंय. नायट्रेट असेल." तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि रक्त घेतलं. सुईत आलेलं रक्त चॉकलेटी होतं. तिनं ते पांढऱ्या कागदावर टाकून वारा घातला, तरी लाल होईना. मग तिची धावपळ सुरू झाली. औषध शोधायला माणूस दुसऱ्या दवाखान्यात पाठवला. तासाभरानं ते औषध लेकराच्या शिरेत गेलं, आणि हळूहळू, नसीम, आपल्या डोळ्यांदेखत त्याचे ओठ माणसाच्या ओठांसारखे झाले. ते रडलं. त्या दवाखान्यात एवढ्या जोरात कोणतंच लेकरू रडलं नसेल. तू भिंतीला पाठ टेकून खाली बसलीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "म्या माह्या हातानं पाजलं."

"तुला माहीत नव्हतं," मी म्हटलं.

"तुले त होतं."

रागानं बोलली नव्हतीस तू. म्हणूनच ते इतकं लागलं.

दुसऱ्याच दिवशी मी तुझ्या विहिरीचं पाणी तपासलं. आमच्याकडच्या चाचणीत नायट्रेट असलं की नमुना पिवळा होतो. जितकं जास्त, तितका गडद. तुझा नमुना हळदीसारखा झाला. मग मी तुझ्या बाजूच्या मळ्यांतलं आणि वरच्या वस्तीतल्या बोअरचं पाणी बाटल्यांत भरून आणलं. काचेसारखं नितळ पाणी. एकेक बाटली पिवळी होत गेली. मी टेबलाशी उभी होते आणि मला दार लावून घ्यावंसं वाटलं. त्या वस्तीत दोरीवर वाळत घातलेल्या बाळांच्या लंगोट्या मी येता-जाता पाहिल्या होत्या.

मी यादी केली. कोणाची विहीर, कोणाचा बोअर, निकाल काय. ती घेऊन तुझ्याकडे आले. तू वाचलीस आणि दुमडून माझ्या पिशवीत परत घातलीस.

"हे कुठं देऊ नको."

"अगं, दुसऱ्याचं लेकरू—"

"लोक नायट्रेट नाई म्हननार. नाल्याची भाजी म्हनतीन. ह्या काठावरचे सारे मळे बसतीन. त्यायच्या शोषखड्ड्याले कोनी बोट नाई लावनार. आमच्या टोपल्या रस्त्यावर उलट्या करतीन. थ्या लेकरायच्या मायले मी सांगते. तोंडानं सांगते. कागद नको."

आणि तू सांगितलंस. भाजीची टोपली डोक्यावर घेऊन वरच्या वस्तीत दार दार फिरलीस. पाव किलो गवार मोजता मोजता विचारायचीस, "घरात तान्हं लेकरू हाय काय? बोअरचं पानी देऊ नका त्याले, उकळूनही नका देऊ." बाया आधी हसल्या. मग चिडल्या. एकीनं तुला तोंडावर सुनावलं, "स्वतः गटाराची भाजी विकता आणि आमच्या पाण्याला नावं ठेवता?" तुझी गिऱ्हाइकं तुटली. टोपली अर्धी परत यायला लागली. तरी तू जात राहिलीस. मला हे युसूफभाईंनी सांगितलं. तू नाही सांगितलंस.

यादी माझ्याजवळ होती. मी हिंमत करून ती आमच्या साहेबांना दाखवली. त्यांनी चष्मा काढून पुसला. "शेतकऱ्यानं नमुना आणला तर शेतकऱ्याला निकाल द्यायचा. वस्तीचं पाणी बघायला दुसरं खातं आहे. तुम्ही कुणाच्या सांगण्यावरून हे केलं?" आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. माझा तो दहावा महिना होता. मी म्हटलं, "सहज केलं, सर." आणि यादी ड्रॉवरमध्ये टाकली.

तू प्रयोगशाळेत आलीस तो दिवस. श्रावण होता, चपलांना चिखल, तू दाराशी त्या काढून अनवाणी आत आलीस. माझ्या टेबलापाशी उभी राहिलीस.

"कागद दे."

मला आधी कळेचना. "कसला?"

"थो यादीचा. माह्या तोंडावर कोनी इस्वास नाई ठेवत. म्हनतात, भाजीवालीले काय समजते. तुही सही, शिक्का असला त मानतीन. म्या चुकीचं म्हनलं होतं थ्या दिवशी. मळा गेला त गेला. दे."

शेजारच्या टेबलावरचे दोघे बघत होते. साहेबांच्या खोलीचं दार उघडं होतं. मी हळू आवाजात म्हटलं, "नसीम, इथे नको. मग बोलू." तू म्हणालीस, "मग कवा? वरच्या गल्लीत परवा एक बारसं झालं." मी म्हटलं, "तो कागद आता नाही माझ्याजवळ."

माझ्या गुडघ्याला लागून असलेल्या ड्रॉवरमध्ये तो होता.

तू माझ्याकडे बघत राहिलीस. दवाखान्याच्या वाटेवर, फाटकापाशी बघत होतीस तशी. मग म्हणालीस, "बरं," आणि गेलीस. चपला हातात घेऊनच गेलीस, पायात घातल्यासुद्धा नाहीस.

त्यानंतर मी रविवारी तुझ्याकडे येणं टाळलं. एकदा पाहुणे, एकदा ताप, एकदा उगाच. तू फोन केला नाहीस, मी केला नाही. दिवाळी गेली, ईद गेली. ईदेला तू दरवर्षी शीरखुर्म्याचा डबा पाठवायचीस. यंदाही पाठवलास. युसूफभाई दारातूनच देऊन गेले. मी तो रिकामा परत पाठवला, धुऊन, आत काही न घालता, कारण काय घालावं ते मला सुचलं नाही. हे आपलं शेवटचं बोलणं.

परवा तुझ्या घरून निघताना तुझा नातू अंगणात खेळत होता. चालायला लागलाय. पडतो, उठतो, पुन्हा पडतो. ओठ लालचुटूक. मी त्याला उचलून घेतलं नाही. मला तो हक्क नाही असं वाटलं.

घरी येऊन मी ड्रॉवरमधून आणलेली यादी पुन्हा लिहून काढली. शिक्का माझा नाही, तो वापरायचा हक्कही मला नाही. साध्या कोऱ्या कागदावर, माझ्या अक्षरात. कोणत्या गल्लीतल्या बोअरमध्ये नायट्रेट किती सापडलं, सहा महिन्यांखालच्या लेकराला ते पाणी दुधात का द्यायचं नाही, उकळल्यानं ते का वाढतं. शोषखड्डे आणि बोअर यांच्यात पुरेसं अंतर नाही हेही लिहिलं. नाल्याकाठच्या मळ्यांत युरिया किती वाया जातो आणि आमच्या गावाकडं त्यासाठी कशा रांगा लागतात तेही लिहिलं. खाली माझं पूर्ण नाव आणि फोन नंबर. झेरॉक्सवाल्यानं प्रती काढताना एक प्रत वाचली आणि म्हणाला, "मॅडम, आमचं घर तिकडंच आहे. एक ठेवू का?" मी प्रत त्याच्याकडेच राहू दिली.

काल रविवार होता. मी वरच्या वस्तीत गेले. पहिल्या घराची बेल वाजवायला माझा हात उचलेना. तू हे टोपली डोक्यावर घेऊन रोज कसं केलंस? एका तरुण बाईनं दार उघडलं, ओल्या केसांना टॉवेल गुंडाळलेला. पोट जरा पुढे आलेलं, पाचवा-सहावा महिना असावा.

"काय विकता?" तिनं विचारलं.

"काही नाही. पाण्याचं सांगायला आले."

"पाण्याचं त्या भाजीवाल्या मावशी पण सांगायच्या," ती म्हणाली. "पाठीमागं लागायच्या अगदी. त्या कुठं आहेत? आठवडा झाला, आल्या नाहीत."

तिला माहीत नव्हतं. तुझ्या मळ्यापासून हाकेच्या अंतरावर राहते ती, आणि तिला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "त्या वारल्या."

तिनं दाराची चौकट धरली आणि कागद मागितला. उभ्या उभ्या दोनदा वाचला. मग विचारलं, "हे नाव तुमचंच? खरं?"

"खरं."

"मग मी कोणतं पाणी घेऊ? नळ आमच्याकडं आठवड्यातून एकदा येतो."

मी म्हटलं, बाळापुरतं नळाचं पाणी झाकून साठवा, पहिले सहा महिने. अंगावरचं दूध पाजता आलं तर फारच चांगलं. ती म्हणाली, "आणि पुढं? आणि बाकीच्यांचं?" मी म्हटलं, ते मला माहीत नाही. गटार यायला हवं, शोषखड्डे बंद व्हायला हवेत. हे सांगताना माझा आवाज इतका बारीक झाला होता की तिनं मला आत येऊन बसायला सांगितलं. मी बसले नाही. बसले असते तर पुढच्या घरी गेले नसते.

संध्याकाळपर्यंत मी सगळी घरं केली. तिघांनी दार लावून घेतलं. एकानं कागद फाडला आणि म्हणाला, घरांच्या किमती पाडायला आलात का? दोन घरांत तान्ही लेकरं होती. त्यांतल्या एका घरी तुझं ऐकून त्यांनी आधीच पाणी बदललं होतं. त्या घरच्या आजीबाई म्हणाल्या, "आम्ही तिला बोललो होतो बाई खूप. मग वाटलं, उगाच कशाला कोणी शिव्या खाईल रोज."

आज सकाळपासून फोन थांबलेला नाही. लोक विचारतात, आमचाही बोअर तपासता का, भाजी खायची का नाही, तुम्हाला कोणी पाठवलं. मी भाजीबद्दल सांगते, धुऊन, शिजवून खा, भाजीवाल्यांनी हे केलेलं नाही. पटतं का कुणास ठाऊक. नाल्याकाठच्या टोपल्या उद्या कोणी उलट्या केल्या तर ते माझ्यामुळं असेल, याचीही भीती आहे. तू हेच म्हणाली होतीस.

दुपारी साहेबांचा निरोप आला. तो कागद त्यांच्यापर्यंत पोहोचला आहे. उद्या सकाळी दहाला बोलावलं आहे. कंत्राटाचं पत्र नवं व्हायला पंधरा दिवस आहेत. काय विचारतील ते मला माहीत आहे. हे नमुने कुणी घेतले, कुणाच्या परवानगीनं, हे अक्षर तुमचं आहे का.

माझे हात आत्ताच गार पडले आहेत, नसीम. पण मी हो म्हणणार आहे.